रुईचा तंतु म्हणजे एक पेशी

पेरणीपासून उलंगवाडीपर्यंत कपाशीचें पीक आपल्या डोळ्यांसमोर असतें. परंतु ज्या वस्तूचा पैसा आपल्या पदरीं पडतो त्या रुईची घडण मात्र बोंडाच्या आंत, डोळ्यांआड होते. सरकीवरील रुईचा प्रत्येक तंतु ही एकच पेशी आहे, हें वाचून पुष्कळ शेतकरी बंधूंस नवल वाटेल. पान, मूळ, लांकूड किंवा बैलाचें कातडें यांचा नखाएवढा तुकडा घेतला तरी त्यांत लाखों पेशी असतात. रुईचा तंतु मात्र सरकीच्या सालीवरील एका पेशीनेंच बाहेर काढलेला लांबलचक शेंडा होय. त्याची लांबी त्याच्या जाडीच्या हजार पटींहून अधिक भरते. म्हणून पेशीच्या आंत काय काय आहे व तें कोणतें काम करितें, हें ज्ञान केवळ शाळेंतील मुलांच्या उपयोगाचें नसून कापूस पिकविणाऱ्याच्या जमाखर्चाशीं त्याचा प्रत्यक्ष संबंध आहे.

पेशी म्हणजे सजीवाच्या शरीराचा सर्वांत लहान असा जिवंत घटक. इ. स. १६६५ सालीं रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाच्या ग्रंथांत बुचाच्या पातळ कापाचें वर्णन प्रसिद्ध झालें. सूक्ष्मदर्शकांतून त्याला मधाच्या पोळ्याप्रमाणें बारीक बारीक रिकाम्या खोल्या दिसल्या होत्या. त्या मेलेल्या पेशींच्या भिंती होत्या. पुढें १८३१ सालीं रॉबर्ट ब्राऊन यानें वनस्पतींच्या पेशींतील केंद्रकाकडे विद्वानांचें लक्ष वेधिलें आणि १८३८ व १८३९ सालीं श्लायडेन व श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनीं अनुक्रमें वनस्पति व प्राणी यांचीं शरीरें पेशींचींच बनलेलीं आहेत, असा सिद्धांत मांडला. बैल व त्याच्या पुढ्यांतील कडबा हे दोन्ही एकाच जातीच्या विटांनीं बांधलेले आहेत, असें त्यावरून ठरलें. भेद आहे तो विटांच्या घडणीचा.

पेशीच्या आंतील कारभार

ज्याची उमर महसूल खात्याच्या दप्तरांत गेली त्याला पेशींतील केंद्रक पाहून तहसिलीच्या दप्तरखान्याची आठवण व्हावी हें साहजिक आहे. मूळ कागद दप्तरखान्याबाहेर जात नाहीं. ज्याला काम असेल त्यानें नक्कल घ्यावी व नकलेवरून काम चालवावें. केंद्रकांतील गुणसूत्रांवर झाडाचे किंवा जनावराचे सर्व आनुवंशिक गुण नोंदलेले असतात. त्या नोंदीची नक्कल तेवढी बाहेर येते आणि रायबोसोम नांवाचे अतिसूक्ष्म कण ती वाचून तिच्याप्रमाणें प्रथिनें घडवितात. अमेरिकन कपाशीच्या पेशींत ५२ गुणसूत्रें व आपल्या देशी कपाशीच्या पेशींत २६ असतात. दोन दप्तरांचा मेळच बसत नसल्यामुळें या दोहोंचा संकर सहजासहजीं फळत नाहीं.

घडलेला माल इकडून तिकडे नेण्यासाठीं पेशींत जाळीसारख्या नळ्या व पडदे पसरलेले असतात. त्यांस आंतर्द्रव्यजालिका म्हणतात. माल वेगळा करून, बांधून, योग्य जागीं रवाना करण्याचें काम गॉल्जी पिंड करितात. साखर जाळून कामाला लागणारी शक्ति पुरविणाऱ्या कणांस तंतुकणिका हें नांव आहे; नांवांत तंतु असला तरी रुईशीं त्यांचा कांहीं विशेष संबंध नाहीं. औत ओढणाऱ्या बैलाच्या स्नायूंत त्या विपुल असतात, तशाच त्या कपाशीच्या मुळांतही असतात. पेशीच्या सभोंवार एक अत्यंत पातळ पटल असतें. आंत कोणास घ्यावें व बाहेर कोणास सोडावें, हें तें पटल ठरवितें.

येथपर्यंतची सामग्री वनस्पति व प्राणी या दोहोंस सारखीच आहे. वनस्पतीच्या पेशींत आणखी तीन गोष्टी असतात. पहिली हरितलवकें, सूर्यप्रकाश, हवा व पाणी यांपासून तीं साखर करितात व त्यांतील हिरव्या द्रव्याच्या प्रत्येक कणाच्या मध्यभागीं मॅग्नेशियम असतें. दुसरी मोठी रिक्तिका, म्हणजे क्षार व साखर विरघळलेल्या पाण्याची पिशवी. कैरीच्या फोडींस मीठ लाविलें म्हणजे जें पाणी सुटतें, तें बहुतेक या पिशव्यांतलेंच होय. आणि मुळाशीं युरियाचा ढीग पडला म्हणजे रोप करपतें, त्याचेंही मुख्य कारण हेंच. तिसरी पटलाच्याही बाहेरची बळकट पेशीभित्ति. रिक्तिका आंतून दाब देते, भित्ति बाहेरून आवरून धरते, आणि त्या ताणावर कोंवळें झाड ताठ उभें राहतें. दुपारीं पानें माना टाकतात तेव्हां हा ताण सैल झालेला असतो.

तंतूचे पन्नास दिवस

आतां ही सर्व सामग्री रुईच्या कामीं कशी लागते तें पाहूं. ज्या दिवशीं फूल उमलतें त्याच सुमारास कोंवळ्या सरकीच्या सालीवरील पेशींपैकीं सुमारें चौथा हिस्सा पेशी फुगून बाहेर डोकावूं लागतात. त्या रुईच्या होत. कांहीं दिवसांनीं आणखी पेशी निघतात. त्या आखूडच राहतात व रेचाई झाल्यावरही लव म्हणून सरकीला चिकटून असतात.

यानंतरचे सुमारें वीस दिवस लांबीचे. या काळांत भित्ति पातळ व लवचिक असते. रिक्तिकेंत पालाश, साखर व सेंद्रिय आम्लें यांचा संचय होतो, त्यायोगें ती पाणी ओढून घेते आणि आंतल्या दाबानें पेशी लांबत जाते. भरवाढीच्या दिवसांत शेजारच्या पेशींशीं जोडणाऱ्या बारीक वाटाही कांहीं काळ बंद होतात, म्हणजे दाब वाया जात नाहीं. सायकलच्या नळींत हवा भरावी तसाच हा प्रकार, पण येथें भरावयाचें तें पाणी. अर्थात् याच वीस दिवसांत जमिनींत ओल नसेल, किंवा झाडाला पालाश अपुरा पडेल, तर तंतु आखूड राहतो. नंतर कितीही पाऊस पडला तरी त्या बोंडाची लांबी वाढत नाहीं.

लांबी संपत येतां येतां दुसरें काम सुरू होतें. पानांनीं केलेली साखर बोंडाकडे येते व पेशीच्या पटलावरील सूक्ष्म यंत्रें तिचे सेल्युलोज नांवाचे धागे विणून भित्तीस आंतून थरावर थर देतात. ईजिप्तमधील कपाशीचा अभ्यास केलेल्या बॉल्स नांवाच्या शास्त्रज्ञानें १९१९ सालीं असें दाखविलें कीं, हे थर रोजच्या रोज चढतात व तंतूच्या आडव्या छेदांत लांकडांतील वलयांसारखे मोजतां येतात. हें काम बोंड फुटण्याच्या सुमारास, म्हणजे फुलापासून पंचेचाळीस ते पन्नास दिवसांपर्यंत चालतें. तयार रुईंत नव्वद टक्क्यांहून अधिक भाग सेल्युलोजचाच असतो. रुईची मजबुती व पक्केपणा मुख्यत्वें या थरांवर अवलंबून आहेत.

बोंड फुटलें म्हणजे पेशी मरते. आंतला रस सुकतो, नळी चपटी होते व तिला पीळ पडतो. या पिळामुळेंच एक तंतु दुसऱ्यास धरतो व सूत निघतें. भित्ति पातळ राहिली असेल तर पीळ नीट पडत नाहीं. सुतांत गाठी येतात व कपड्यावर रंग सारखा चढत नाहीं. नागपूरची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली व २००२ सालीं बंद झाली. त्या सव्वाशें वर्षांत यंत्रें पुष्कळ बदललीं, पण गिरणीची मागणी एकच राहिली, ती लांब व पक्क्या तंतूची. आज हीच परीक्षा यंत्रानें मायक्रोनेअरच्या आंकड्यांत करितात. तो आंकडा साडेतीनच्या खालीं गेला म्हणजे बहुधा रुई कच्ची समजतात आणि भाव उतरतो.

लाल्याचें मर्म येथेंच आहे. बोंडें भरण्याच्या ऐन वेळीं झाडाला नत्र व मॅग्नेशियम कमी पडलें, त्यांत रात्री गार झाल्या, म्हणजे पानांतील हिरवें द्रव्य नाहींसें होतें व रिक्तिकांत तांबडा रंग जमतो. दुरून पाहणाऱ्यास शेत रंगलेलें दिसतें. परंतु साखरेचा कारखाना बंद पडलेला असल्यामुळें बोंडांतील भित्तीच्या कामाला मालच मिळत नाहीं.

बोंडअळीच्या पेशी

त्याच बोंडांत दुसऱ्या प्रकारच्या पेशी शिरतात, त्या गुलाबी बोंडअळीच्या. प्राण्याच्या पेशीस भित्ति नसते, केवळ पटल असतें, हा भेद वर सांगितलाच आहे. बीटी कपाशीची सर्व मदार या एका भेदावर आहे. बीटी प्रथिन अळीच्या पोटांतील अल्कधर्मी रसांत विरघळतें, तेथील पाचकरसांनीं तें कातरलें जातें, आणि आंतड्याच्या पेशींच्या पटलावरील ठराविक प्रथिनास जाऊन चिकटतें. नंतर तें पटलाला भोंकें पाडतें. पाणी आंत घुसतें, आवरून धरण्यास भित्ति नाहीं, म्हणून पेशी फुगून फुटते व अळी मरते. माणसाच्या आंतड्यांतील पेशींवर ही चिकटण्याची जागा नसल्यामुळें हें विष आपणांस त्या रीतीनें बाधत नाहीं.

आपल्या देशांत बीटी कपाशीस २००२ सालीं परवानगी मिळाली व दोन विषांची बीटी २००६ सालीं आली. १९७६ पासून नागपुरास असलेल्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनें गुलाबी अळीच्या या प्रतिकाराचा पाठपुरावा केला आहे. एका विषास ही अळी दाद देत नाहीं हें २०१० पर्यंत गुजरातेंत उघड झालें. दोन विषांचा प्रकारही पुढें पांच वर्षांत तेथें निष्प्रभ ठरूं लागला. आणि २०१७ च्या हंगामांत विदर्भ व मराठवाडा यांतील शेतेंच्या शेतें हातचीं गेलीं. पहिल्या विषाच्या बाबतींत याचें कारण अळीच्या पेशींत सांपडलें आहे. विष ज्या प्रथिनास चिकटतें त्याची केंद्रकांतील नोंदच बिघडलेली आढळली; कुलूप बदललें, मग जुनी किल्ली काय करणार?

असा बदल आई व बाप या दोघांकडून आला तरच अळी पुरती निर्ढावते. म्हणून बीटीभोंवतीं साध्या कपाशीच्या ओळी लावावयाच्या असतात. त्यांवर वाढलेले निर्दोष पतंग निर्ढावलेल्या पतंगांशीं जुळले म्हणजे पुढची पिढी पुन्हां विषाला बळी पडते. या ओळी आपण जागा वांचविण्यासाठीं सोडल्या. शिवाय आपलें वाण संकरित. त्याच्या पेशींत बीटीची नोंद जोडीपैकीं एकाच गुणसूत्रावर असल्यानें एकाच बोंडांतील कांहीं सरक्यांत विष असतें व कांहींत नसतें. अशा बोंडांत अळीला विषाची संवय होण्यास आयतीच सोय झाली.

यावरून घ्यावयाचा बोध

पहिली गोष्ट, विहिरीस थोडेंच पाणी असेल तर तें पाती, फुलें व कोंवळीं बोंडें यांच्या काळासाठीं राखून ठेवावें. दुसरी, काळ्या जमिनींत पालाश असतोच, या समजुतीवर न राहतां मातीची परीक्षा करवून घ्यावी. तिसरी, पानें लाल होण्याची वाट न पाहतां बोंडें भरण्याच्या सुरुवातीसच कृषि विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणें मॅग्नेशियम व नत्र यांची फवारणी करावी. चौथी, डोमकळ्या दिसतांच तोडून नष्ट कराव्या.

पांचवी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट फरदडीची. डिसेंबराच्या अखेरीस उमललेलें फूल फुटावयास फेब्रुवारी उजाडतो. तोंवर जमिनींतील ओल सरलेली, रात्री थंड आणि पानें गळालेलीं. म्हणजे लांबीस पाणी नाहीं व भित्तीस साखर नाहीं. अशा बोंडांतून आखूड, कच्चा व कवडी कापूस निघतो. अळीला मात्र त्यांत उन्हाळाभर आसरा मिळतो. दोन क्विंटल हलक्या कापसाच्या लोभानें पुढील सालचें सर्व पीक गहाण टाकण्यासारखें हें आहे. डिसेंबर संपतांच पऱ्हाटी उपटून शेत मोकळें करावें, आणि हें एकट्यानें न करितां साऱ्या शिवारानें मिळून करावें. कारण पतंग धुरा ओळखीत नाहीं.

बाजारांत व्यापारी रुईची चिमूट दोन्ही हातांनीं ओढून पाहतो, तेव्हां तो त्या पेशींना मिळालेल्या पाण्याचा व साखरेचा हिशेब वाचीत असतो. तो हिशेब आपल्या शेतांत आधींच लिहिला गेलेला असतो. वेळेवर लक्ष घातल्यास तो आपल्या बाजूनें लिहवून घेणें पुष्कळ अंशीं आपल्या हातीं आहे.