आसऱ्याचे पाणी

सातारा-सांगलीकडच्या माणसाची मिठाशी ओळख दोन ठिकाणी. एक ताटात, दुसरी शेतात. वाळवा-मिरजेकडे उसाला वर्षानुवर्षे सढळ हाताने पाणी सोडले गेले आणि काळ्याभोर जमिनींवर पांढरा पापुद्रा धरला. बँकेत शेतीकर्जे पाहत होतो त्या काळात अशा क्षारपड जमिनींचे सातबारे माझ्या टेबलावर पुष्कळ आले. पाणी उन्हाने उडून जाते, मीठ मागे राहते. कसबे डिग्रजचे कृषी संशोधन केंद्र या जमिनींवर काम करते. जमिनीखालून सच्छिद्र पाइप घालून निचरा करणे हा त्यावरचा इलाज, खर्चिक पण खरा.

हा सारा हिशेब निवृत्तीनंतर मला पुन्हा भेटला, तो काचेच्या टाकीत. साताऱ्याच्या घरी मी समुद्रातले मासे पाळतो. लोक हसतात. मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उभे राहिले ते समुद्राच्या समोरच. आमच्याकडे सह्याद्री ओलांडल्याशिवाय समुद्र दिसत नाही, तेव्हा तो घरीच करावा लागतो. कासचे मऊ पाणी गाळून घ्यायचे आणि दर लिटरला ३५ ग्रॅम तयार समुद्री मीठ विरघळवायचे. स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि आणखी बरेच काही असते.

माझे पाहून सांगलीच्या भाच्याने टाकी घेतली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. सुताराकडून खाली देखणे कपाट करून घेतले आणि मग मला फोन. "मामा, खाली संपाला दोन फूट बाय एक फूट जागा ठेवलीय. उंचीही फूटभर. पुरेल ना?"

संप हा शब्द ऐकला की माझ्यातल्या बँकवाल्याला आधी मोर्चे आणि घोषणा आठवतात. हा संप वेगळा. दिखाऊ टाकीच्या खाली दडवलेली दुसरी टाकी. वरचे पाणी काठावरून पाइपाने खाली येते, तिथे साफ होते आणि पंपाने परत वर जाते. कचरा खेचणारे यंत्र, हीटर, सगळा पसारा खालीच. पैसा मात्र माणूस वरच्या काचेवर घालतो, कारण पाहुणा तीच पाहतो.

मी भाच्याला कागद-पेन्सिल घ्यायला लावली. वीज गेली की पंप थांबतो, पण वरचे पाणी लगेच थांबत नाही. ते काठाच्या पातळीपर्यंत खाली उतरते, शिवाय परतीच्या नळीचे तोंड पाण्यात बुडालेले असेल तर तीच नळी उलटी होऊन पाणी ओढते. वरची पातळी दोन इंच उतरली असे धरा. ४८ गुणिले १८ गुणिले २, म्हणजे १७२८ घनइंच, जवळजवळ २८ लिटर. त्याच्या फूटभर उंच संपात हे पाणी सहा इंच चढते. आठ इंच पाणी आधीचे असेल तर नऊ लिटरहून अधिक खारे पाणी थेट फरशीवर, आणि वीज आली की पंप उरलेल्या पाण्यात कोरडा घरघरणार. आपल्याकडे वळवाच्या एका सरीने वीज जाते. तेव्हा संपाचे माप वीज चालू असतानाचे धरून भागत नाही, ती गेल्यानंतरच्या पाच मिनिटांचे धरावे लागते.

शेवटी तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच असा संप ठरला. नेहमीची पातळी नऊ इंच. वीज गेली तर तेरा, वर दोन इंच मोकळे. परतीच्या नळीला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली एक बारीक भोक पाडायचे. पातळी तिथवर उतरली की हवा शिरते आणि ओढ तुटते. उलटे पाणी अडवणारा व्हॉल्व्ह दुकानदार आग्रहाने गळ्यात मारतो, पण त्यात मीठ साचते, एखादी गोगलगाय अडकते. माझा भरवसा भोकावर, तेही आठवड्याला काडीने साफ केलेल्या.

दुसरी भीती उलट दिशेची. उतरणारा पाइप तुंबला तर पंप खालचे पाणी वर चढवत राहील. म्हणून पंपाचा कप्पा मुद्दाम लहान, आठ इंचांचा. त्यातले सगळे पाणी वर गेले तरी वरची टाकी एक इंचच चढते, आणि तेवढी जागा वर राखलेली असते. उन्हाने उडणारे पाणीही याच कप्प्यात कमी होते, कारण बाकीच्या कप्प्यांची पातळी आडव्या काचा धरून ठेवतात. एप्रिलच्या सांगलीत ही घट रोज दिसते. इथे फक्त साधे शुद्ध पाणी घालायचे. मीठ कुठे गेलेले नसते. खारे पाणी घालत राहिलात तर टाकीचा वाळवा तालुका होईल.

मधला कप्पा माझा लाडका. इंग्रजीत त्याला रेफ्युजियम म्हणतात, मी आसरा म्हणतो. आपल्याकडे डोहाकाठी शेंदूर फासलेल्या साती आसरा असतात, त्यांचीही आठवण राहते. या कप्प्यात मासा नाही. कीटोमॉर्फा नावाचे हिरव्या दोऱ्यांच्या गुंत्यासारखे शेवाळ, त्यावर एक दिवा, आणि गुंत्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव. खाणारा कोणी नसल्याने ते वाढतात, आणि त्यातले काही पंपातून वर जाऊन माशांचे ताजे अन्न होतात. माशांच्या खाण्यातून आणि विष्ठेतून जे नायट्रेट, फॉस्फेट साचते त्यावर शेवाळ पोसले जाते. महिन्याला मूठभर शेवाळ उपटून टाकले की तेवढे विष टाकीबाहेर गेले. डिग्रजवाल्यांच्या पाइपांचे काम इथे मूठभर शेवाळ करते. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर ॲडी यांनी १९८० साली प्रवाळांची परिसंस्थाच टाकीत उभी केली, तिथेही पाणी शेवाळच साफ करत होते.

दिवा रात्री लावायचा, वरचे दिवे बंद असताना. रात्री सगळेच जीव कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि पाणी आम्लतेकडे झुकते. खाली शेवाळ जागे असले की तो झोक कमी होतो. कॉलर्पा नावाचे नेच्यासारखे सुंदर शेवाळही मिळते, पण ते कधी कधी एका रात्रीत विरघळते आणि गिळलेले सगळे परत ओकते. ते नको.

दुकानदाराने भाच्याला जिवंत प्रवाळही देऊ केले होते. दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीत. मी स्पष्ट सांगितले, कोरडे दगड घाल आणि धीर धर. मासेही समुद्रातून धरून आणलेले नकोत. क्लाऊनफिशची पैदास आता आपल्या देशात होते, ऐरोलीच्या केंद्रातही होते.

टाकी कुठे ठेवावी यावर घरात वाद झाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, ते त्या घराने पाहिले आहे. त्यामुळे दिवाणखाना बाद. वरच्या मजल्यावर, तुळईला लागून. तीनशे लिटर पाणी, काच, दगड आणि लोखंडी घोडा मिळून वजन साडेचारशे किलोच्या घरात जाते. पूर आला की वीज दिवसच्या दिवस नसते, म्हणून बॅटरीवरचे हवेचे दोन पंप आधीच आणून ठेवायला लावले.

सुताराला परत बोलावून कपाट मोडले. सून दोन दिवस बोलली नाही म्हणे. साडेदहा किलो मीठ विरघळून आता महिना झाला, पाण्यात अजून मासा नाही. पुढच्या रविवारी माझ्या आसऱ्यातले मूठभर शेवाळ थोड्या खाऱ्या पाण्यासह पिशवीत बांधून मी सांगलीची एसटी पकडणार आहे. तीन-साडेतीन तासांचा प्रवास ते सहज सोसते.