काळीज कुठे असते?

आपण म्हणतो, "भीतीने माझे काळीज धडधडले." पण खाटकाकडे जाऊन "पाव किलो काळीज दे" म्हणा. तो काय देतो? काळपट तांबडा, मऊ तुकडा कापून देतो. तो धडधडणारा अवयव नव्हे. ते यकृत. धडधडते ते हृदय. नाव एक आणि अवयव दोन! घरात बोलताना हे चालून जाते. दवाखान्यात मात्र घोटाळा होतो.

हृदय छातीत असते. मधोमध, थोडे डावीकडे कललेले. आपल्या मुठीएवढे. मनगटावर नाडी लागते, ती त्याच्याच ठोक्यांची. यकृत उजव्या अंगाला, खालच्या बरगड्यांच्या आड असते. मोठ्या माणसाचे यकृत सुमारे दीड किलो भरते. पित्त तिथेच तयार होते. कावीळ झाली की डॉक्टर आधी यकृताचा विचार करतात.

छातीत मधोमध दाबल्यासारखे झाले, घाम सुटला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर "ग्यास झालाय" म्हणून सोडा पिऊन बसू नये. ते हृदयाचे दुखणे असू शकते. तडक दवाखाना गाठावा.

आता पोट. छातीच्या खाली जे जे आहे, ते आपल्याला पोटच. डॉक्टरांना मात्र त्यात वाड्यासारख्या पुष्कळ खोल्या दिसतात. वर डावीकडे जठर. खाल्लेले अन्न आधी तिथे जाते. मग लहान आतडे. ते सुमारे 20 फूट लांब. वेटोळे घालून बसले आहे म्हणून मावते. पुढे मोठे आतडे. त्याच्या सुरुवातीला, उजवीकडे खाली, करंगळीसारखे एक शेपूट असते. त्याला अपेंडिक्स म्हणतात. पुस्तकातले नाव आंत्रपुच्छ.

या शेपटाने आमच्या शेजारच्या मुलाला फार छळले. एका संध्याकाळी तो म्हणाला, "पोटात दुखतंय." दुखणे बेंबीभोवती होते. घरच्यांना वाटले, पोट साफ नाही. त्यांनी एरंडेल पाजले. दुसऱ्या दिवशी दुखणे उजवीकडे खाली सरकले. ताप चढला. तिसऱ्या दिवशी आम्ही त्याला तालुक्याला नेले. डॉक्टरांनी बापाला विचारले, "दुखणे आधी कुठे होते? मग कुठे गेले?" बाप म्हणाला, "पोटातच की, डॉक्टरसाहेब."

त्या बिचाऱ्याचे काय चुकले? त्याच्यापाशी शब्दच एक होता. मी तर इतकी वर्षे शाळेत शरीराचा धडा शिकवला. पण मलाही हे शेपूट कुठे असते ते ठाऊक नव्हते. अपेंडिक्स फुटले होते. पोट उघडावे लागले. पोरगा वाचला, पण महिनाभर अंथरुणात होता. असल्या दुखण्यात जुलाब देणे घातक असते, हे आम्हांला तिथे कळले.

तेव्हा पोट दुखले तर नुसते "पोट" म्हणू नका. बोट ठेवून दाखवा. कधी सुरू झाले, कुठून कुठे सरकले, तेही सांगा. "नस" या शब्दाचेही असेच आहे. रक्त वाहून नेणारी नळी ती नस, आणि मेंदूचे निरोप नेणारा मज्जातंतू तोही आपल्याला नसच! तिथेही बोटच कामाला येते.

घोटाळा उलट बाजूनेही होतो. आपला शब्द डॉक्टरांना उमगत नाही, तसा दवाखान्याचा शब्द आपल्याला उमगत नाही. आमच्या गावच्या एका बाईला बरेच दिवस खोकला होता. तिची थुंकी तपासली. "पॉझिटिव्ह आली," असे तिला सांगितले. कोणीतरी तिला म्हणाले, पॉझिटिव्ह म्हणजे चांगले. बाई आनंदाने घरी आली. शेजारणीला साखर वाटली!

पॉझिटिव्ह म्हणजे जे शोधत होते ते सापडले. तिच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले होते. निगेटिव्ह म्हणजे त्या तपासणीत ते सापडले नाहीत.

आठ दिवसांनी नर्सबाई तिच्या घरी आल्या. ओट्यावर बसून त्यांनी तिला सगळे पुन्हा समजावले. बाई आधी रडली. मग तिने विचारले, "गोळ्या किती दिवस?" नर्सबाई म्हणाल्या, "सहा महिने. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. एक दिवसही चुकवायचा नाही." त्याच दिवशी तिने पहिली गोळी घेतली.