बीसीजी टोचली होती, तरी मोठेपणी टीबी का होतो?

डाव्या दंडावरचा छोटा गोल व्रण म्हणजे जन्मानंतर टोचलेल्या बीसीजी लशीची खूण. १९२१ पासून वापरात असलेली ही लस नेमकं काय करते?

टीबीचा जंतू फुप्फुसातल्या भक्षक पेशींमध्येच लपून वाढतो. बीसीजीमधल्या दुबळ्या जंतूमुळे शरीरातल्या टी-पेशी त्याला ओळखायला शिकतात. त्या 'इंटरफेरॉन गॅमा' हे प्रथिन सोडतात आणि भक्षक पेशींना जंतू मारायला बळ देतात.

त्यामुळे लहान मुलांमध्ये मेंदूपर्यंत पसरणारा टीबी बऱ्याच अंशी टळतो. पण वाढत्या वयात हे संरक्षण ओसरतं. तमिळनाडूतल्या चेंगलपट्टूमध्ये १९६८ साली सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत बीसीजीमुळे प्रौढांचा फुप्फुसाचा टीबी टळला नाही.

मग उपाय काय? २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माकडांना बीसीजी त्वचेऐवजी शिरेतून दिली. फुप्फुसातच भरपूर टी-पेशी तयार झाल्या आणि १० पैकी ९ माकडांना चांगलं संरक्षण मिळालं. माणसांसाठी ही पद्धत अजून वापरात नाही.

तोवर दंडावरच्या खुणेवर विसंबू नका. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.