मिरगाचा किडा

मृगाचा पहिला पाऊस पडला, की आमची आजी बांधावर जाऊन मिरगाचे किडे शोधी. लालभडक, मखमलीसारखे, बोट लावताच पाय आखडून घेणारे. ते दिसले म्हणजे बाजरी पेरायला हरकत नाही, असा तिचा हिशेब. गेल्या जूनमध्ये तिच्या सांगण्यावरून मी पणदऱ्यातले आमचे शिवार पालथे घातले. एकही सापडला नाही. घरात कोणाला त्याचे काही वाटले नाही. ऊस उभा होता ना!

हा किडा खरे तर कीटक नव्हे. आठ पायांचा, कोळ्याचा भाऊबंद. वर्षातला बहुतेक काळ तो मातीत काढतो आणि कीटकांची अंडी खातो. पाठीचा कणा नसलेल्या अशा जिवांना अपृष्ठवंशीय म्हणतात. ज्ञात प्राणिजातींपैकी शेकडा ९० हून अधिक जाती याच वर्गातल्या, पण त्यांची मोजदाद कोण करतो? आमच्या तालुक्यात सुप्याला १९९७ पासून मयूरेश्वर अभयारण्य आहे, ते चिंकारांसाठी. ते योग्यच आहे. परंतु हरणे घटली तर कळते, किडे घटले तर कळण्याची सोयच नाही. जर्मनीत हौशी अभ्यासकांनी १९८९ ते २०१६ या काळात ६३ संरक्षित ठिकाणी सापळे लावून उडणारे कीटक पकडले व त्यांचे वजन केले, म्हणून तर २७ वर्षांत ते वजन ७५ टक्क्यांहून अधिक घटल्याचे उघड झाले. संरक्षित जागी ही अवस्था, मग आमच्या फवाऱ्याखालच्या रानात काय असेल?

ऊसवाल्यांना तरी याचे मोल कळावे. २००२ साली महाराष्ट्रातल्या उसावर लोकरी मावा आला. तेव्हा माझा जन्मही नव्हता. अण्णा सांगतात, पानांखाली पिंजलेला कापूस चिकटवल्यासारखे दिसे. पुरुषभर उंच उसात शिरून फवारणार कसे? अखेर कामी आले ते किडेच: डिफा नावाच्या पतंगाची मावा खाणारी अळी, मायक्रोमस आणि इतर. त्यांची पैदास करून ते शेतोशेती सोडले गेले. विषाला मात्र वैरी आणि राखणदार यांतला फरक कळत नाही. (पंप पाठीवर मीच घेतो, हेही सांगून टाकतो.)

यंदा एक बांध तणनाशकाविना ठेवू, असे मी अण्णांना म्हणालो. "तुझी फी तो बांध भरणार का?" असे त्यांनी विचारले. मला उत्तर सुचले नाही. परवा पाहिले, तर विहिरीकडचा बांध त्यांनी न फवारता सोडला होता.