ईस्टर : पुनरुत्थानाची श्रद्धा

सणावारांचे दिवस चंद्राच्या कलांवरून ठरविण्याची रीत केवळ आपल्याच पंचांगात आहे, असे नाही. ख्रिस्ती धर्मीयांचा सर्वश्रेष्ठ सण जो ईस्टर, तोही पौर्णिमेशी बांधलेला आहे. पाश्चात्त्य चर्चच्या गणनेनुसार २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार हा ईस्टरचा दिवस होय. ही पौर्णिमा बहुधा आपली चैत्री पौर्णिमा असते, कधी होळीची असते. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी हनुमान जयंती झाली आणि लगतच्याच रविवारी ईस्टर आला.

नाताळ आपल्या परिचयाचा आहे. ईस्टरविषयी मात्र, ज्यांना ख्रिस्ती शेजार लाभला आहे अशा घरांतूनही फारशी माहिती आढळत नाही. वस्तुतः ख्रिस्ती धर्माचा प्राण या सणात आहे. क्रुसावर मरण पावलेला आणि थडग्यात ठेवलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला, आणि तो उठला म्हणून मेलेली सर्व माणसेही एक दिवस उठतील, अशी ही श्रद्धा. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात तिला ‘पुनरुत्थान’ असे नाव आहे.

हा शब्द ऐकताच आपल्या मनात ‘पुनर्जन्म’ हा शब्द उभा राहतो. दोहोंच्या आरंभी ‘पुनर्’ आहे खरे. परंतु अर्थाने ते एकमेकांपासून फार दूर आहेत. जीर्ण वस्त्र टाकून नवे नेसावे तद्वत् आत्मा देह बदलतो, अशी आपली धारणा. देह नाशवंत, आत्मा अविनाशी. म्हणून देहाचा शोक करू नये, ही गीतेची शिकवण आपल्या घरोघरी दुःखाच्या प्रसंगी आधाराला येते. ख्रिस्ती श्रद्धेत जन्मांची मालिका नाही. जन्म एकच, मरण एकच, आणि त्यानंतर काळाच्या शेवटी ईश्वराकडून उठविले जाणे. उठतो तो केवळ आत्मा नव्हे. देह आणि आत्मा मिळून झालेला तो संपूर्ण माणूस उठतो. आईला मुलगा परत मिळावयाचा तो तिचा तोच मुलगा म्हणून, अशी ही आशा आहे.

मग सावित्रीला सत्यवान परत मिळाला, त्यासारखेच हे असेल काय? सावित्रीने यमाकडून आपला तोच पती मागून घेतला, हे खरे. परंतु सत्यवान परत आला तो मर्त्य आयुष्यातच. बायबलमध्ये याच्या जवळची कथा लाजराची आहे. चार दिवस थडग्यात असलेल्या या मित्राला येशूने हाक मारून बाहेर आणले. पण लाजरालाही पुढे कधीतरी मरावयाचे होतेच. पुनरुत्थान म्हणजे असे परत येणे नव्हे. ज्याच्यावर मृत्यूची सत्ता पुन्हा चालणार नाही, अशा जीवनात जाणे म्हणजे पुनरुत्थान.

शुभवर्तमानांतील वर्णने या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. रविवारी पहाटे थडग्यापाशी प्रथम गेल्या त्या स्त्रिया. मग्दालीया मरीयेला येशू समोर दिसला, तेव्हा तिने त्याला माळी समजले. त्याने नावाने हाक मारली तेव्हा कोठे ओळख पटली. शिष्यांना हे भूत असावे असे वाटले, तर त्याने त्यांच्यासमोर भाजलेला मासा खाल्ला. थोमा नावाच्या शिष्याने विश्वास ठेवण्यास नकार दिला, तेव्हा त्याला हातांवरील खिळ्यांचे व्रण दाखविले. नव्या, अमर देहावरही जुन्या जखमांच्या खुणा राहिल्या, ही गोष्ट ख्रिस्ती भाविकांना फार मोलाची वाटते. भोगलेले दुःख पुसले गेले नाही. त्यावर विजय मिळाला, असा अर्थ ते त्यातून घेतात.

या श्रद्धेचे मूळ येशूच्याही पूर्वीचे आहे, आणि ते न्यायाच्या प्रश्नात आहे. इ. स. पू. १६७ च्या सुमारास अंतियोख या राजाने यहुदी लोकांचा धर्म मोडून काढण्यासाठी भयंकर छळ केला. धर्मनियम मोडण्यास नकार देणाऱ्या सात भावांना त्यांच्या आईच्या डोळ्यांदेखत ठार केल्याची कथा मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात आहे. जो धर्माने वागला त्यालाच हालहाल होऊन मरावे लागले, तर ईश्वराचा न्याय कोठे राहिला? आपल्याकडे या प्रश्नाला कर्मसिद्धान्ताने उत्तर दिले. न्यायाचा हिशेब जन्मोजन्मी पुरा होतो असे सांगितले. एकच जन्म मानणाऱ्या त्या भाविकांनी उत्तर दिले ते असे की, ज्याने हा देह दिला तो ईश्वर मेलेल्यांना उठवील आणि न्याय करील. हे सर्वांना मान्य नव्हते. येशूच्या काळी परूशी पंथ पुनरुत्थान मानीत असे, तर सदूकी पंथ ते साफ नाकारीत असे.

ग्रीक लोकांना तर ही कल्पना हास्यास्पद वाटली. संत पौल अथेन्स नगरीत तत्त्वज्ञांपुढे बोलत असता, मृतांच्या पुनरुत्थानाचा उल्लेख येताच काही श्रोत्यांनी थट्टा केली, असे प्रेषितांच्या कृत्यांत नमूद आहे. आत्म्याचे अमरत्व त्यांच्यापैकी अनेकांना पटत होते. मातीला मिळालेला देह उठणार, हे पटत नव्हते. पुढे इ. स. ५५ च्या सुमारास करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात पौलाने याचे विस्तृत विवेचन केले. त्याने दिलेला दृष्टान्त आपल्या शेतकऱ्यालाही सहज कळेल असा आहे. पेरलेला दाणा मातीत मरतो आणि उगवतो ते रोप दाण्याहून निराळे दिसते. तरी ते त्याच दाण्याचे असते. त्याच पत्रात त्याने आपला सारा धर्म या एका गोष्टीवर पणाला लावला आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ, असे तो निःशंकपणे मान्य करतो.

पण देह जळून गेला, पाण्यात वाहून गेला, तर काय उठणार? हा प्रश्न केवळ तर्काचा राहिला नाही. इ. स. १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधील लियोन नगरीत ख्रिस्ती हुतात्म्यांची प्रेते जाळून त्यांची राख रोन नदीत टाकण्यात आली. त्यांना पुनरुत्थानाची आशाच उरू नये, हा त्यामागील हेतू होता. आपण ज्या भावनेने अस्थी नदीत विसर्जित करतो, तिच्या नेमके उलट असे हे कृत्य होते. ख्रिस्ती विचारवंतांनी उत्तर दिले, की ज्याने काहीच नसताना सर्व निर्माण केले, त्याला राखेतून उठविणे अवघड ते काय?

तरीही देहाविषयीच्या आदरामुळे दफनाची चाल ख्रिस्ती समाजात रूढ राहिली. इंग्रजीतील ‘सिमेट्री’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा अर्थच ‘निजण्याची जागा’ असा आहे. कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनास मुभा दिली, मात्र ते पुनरुत्थान नाकारण्याच्या हेतूने केलेले नसावे, अशी अट घातली. रक्षा इतस्ततः न विखुरता पवित्र स्थळी जतन करावी, असे २०१६ मध्ये सांगितले.

ही कथा मराठीत येऊन चारशे वर्षे लोटली. १५७९ मध्ये गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ ओवी छंदात रचले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे छापला गेला. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी चिकाटीने पुढे नेले. आपल्या भाषेला हा विषय परका राहिलेला नाही.

ईस्टरच्या आदल्या रात्री कॅथलिक चर्चमध्ये अंधार केला जातो. बाहेर अग्नी चेतवून त्यावर एक मोठी मेणबत्ती उजळतात, आणि तिच्या ज्योतीवरून प्रत्येकाच्या हातातील मेणबत्ती पेटत जाते. दीपाने दीप लावण्याचा हा विधी आपल्याला सहज ओळखीचा वाटेल. हीच मोठी मेणबत्ती वर्षभर बाप्तिस्म्याच्या वेळी लावतात. आणि मंडळीतील कोणी निवर्तले तर त्याच्या शवपेटीजवळही तिची ज्योत तेवत असते. ईस्टरच्या रात्रीची ग्वाही अशा रीतीने शोकाच्या घरापर्यंत पोहोचविली जाते.

शेजारच्या ख्रिस्ती घरी असा प्रसंग ओढवला, की आपण समाचारास जातो आणि आपल्या संस्काराप्रमाणे ‘आत्मा अमर आहे’ असे म्हणतो. ते शब्द स्नेहाचे असतात आणि स्नेहानेच स्वीकारलेही जातात. परंतु त्या घरातील माऊली थडग्यावर फुले ठेवताना वाट पाहत असते ती आपल्या माणसाच्या त्याच मुखाची, त्याच हाकेची. हे ध्यानी ठेवून तिच्याजवळ क्षणभर बसलो, तर आपला धीराचा शब्द तिच्या अंतःकरणाला अधिक जवळचा वाटेल. नचिकेत्याने यमाच्या दारी जाऊन विचारलेला प्रश्न साऱ्या मानवजातीचा आहे. त्याला शेजाऱ्याने दिलेले उत्तर आदराने ऐकून घेणे, हाही आपल्या धर्माचाच एक भाग आहे.