चित्र दाखवणं वेगळं, चित्राने सांगणं वेगळं

दिल्लीच्या जसोला विहारमधली ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था मेरी बरुआ यांनी १९९१ साली सुरू केली. तिथे स्वमग्न मुलांबरोबर प्रौढांसाठीही काम चालतं. अशा ठिकाणी किंवा घरी, तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांना चित्रांतून संवाद शिकवायचा म्हटलं, की घरच्यांच्या मनात काही शंका हटकून येतात.

गैरसमज : पस्तिशी उलटली, आता काय शिकणार?
वस्तुस्थिती : वेळ जास्त लागतो, पण वयाची अट नाही. चित्रं मात्र मोठ्या माणसाची हवीत : चहाचा कप, मेट्रो, दाढीचं सामान. अस्वल-बाहुल्या नकोत.

गैरसमज : चित्रांची सवय लागली की उरलंसुरलं बोलणंही जाईल.
वस्तुस्थिती : मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी २००६ साली पर्यायी संवादसाधनांवरचे जुने अभ्यास तपासले. भक्कम पुरावा असलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं घटलं नव्हतं. बहुतेकांचं थोडंफार वाढलं होतं.

गैरसमज : चित्रांचा तक्ता भिंतीवर लावला की झालं.
वस्तुस्थिती : चित्र देऊन मागायला शिकवावं लागतं. अमेरिकेत १९८५ साली बाँडी आणि फ्रॉस्ट यांनी बसवलेल्या, चित्रांच्या देवाणघेवाणीच्या ‘पेक्स’ पद्धतीचा पहिला धडा पाहा. समोरचा माणूस बिस्किट घेऊन गप्प बसतो. शिकणाऱ्याचा हात बिस्किटाकडे गेला, की मागे बसलेला दुसरा त्याचा हात धरून कार्ड उचलायला आणि समोरच्याच्या हातात द्यायला मदत करतो. कार्ड मिळताच बिस्किट. ‘काय हवंय?’ असं विचारायचं नाही, कारण मागणी त्याच्याकडून यायला हवी. मागचा आधार हळूहळू काढून घेतात. चित्र उमगतच नसेल, तर खरी वस्तू किंवा बिस्किटाचा रिकामा पुडाही चालतो.

गैरसमज : महागडा टॅब लागतो.
वस्तुस्थिती : फोटो, पुठ्ठा आणि वेल्क्रो पुरे. मोबाइलवरच हवं असेल, तर आयआयटी मुंबईचं ‘जेलो’ हे अ‍ॅप मोफत आहे आणि मराठीतही आहे. घरी मराठी, संस्थेत हिंदी असली तरी कार्डं तीच ठेवा.

गैरसमज : चित्रं म्हणजे शिकणाऱ्याने आपलं ऐकावं म्हणून केलेली सोय.
वस्तुस्थिती : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात संवादाच्या व्याख्येतच पर्यायी साधनं येतात, म्हणजे चित्रांतून आपलं म्हणणं मांडणं हाही त्याचा संवादच आहे. म्हणून ‘जेवण’, ‘आंघोळ’ यांच्याबरोबर ‘नको’, ‘दुखतंय’, ‘थांबा’ ही कार्डंही हवीत, आणि ती कपाटात नव्हे, त्याच्या हाताशी. त्याने ‘नको’ दिलं की शक्य तिथे खरंच थांबायचं. नाहीतर ते कार्ड तो पुन्हा कशाला उचलेल?