संगणकातील आवाज व दोषनिदान

मेजी संगणक चालू असताना त्याच्या पेटीतून येणाऱ्या अनोळखी आवाजावरून सदोष भाग ओळखण्याची पद्धती. संगणकाचे बहुतेक कार्य इलेक्ट्रॉनीय, म्हणून निःशब्द असते. आवाज करणारे हलते भाग मोजकेच असतात : पंखे, हार्ड डिस्क आणि, असल्यास, प्रकाशीय तबकडी फिरविणारे साधन. पंखा बिघडल्यास तो अल्प खर्चात बदलता येतो. हार्ड डिस्क बिघडल्यास तिच्यावरील माहिती कायमची नष्ट होऊ शकते. म्हणून आवाज या दोहोंपैकी कशाचा, हा निदानातील पहिला प्रश्न होय.

पंख्याचा आवाज त्याच्या वेगाबरोबर बदलतो. सात पात्यांचा पंखा मिनिटास १,२०० फेरे घेत असल्यास पात्यांमुळे सेकंदास १४० कंपने निर्माण होतात व मंद घुमणारा स्वर ऐकू येतो. हा दोष नव्हे. पात्यांवर धूळ असमान साचल्यास तोल बिघडून पेटी थरथरते. बेअरिंगमधील (धारव्यातील) वंगण सुकल्यास घरघर सुरू होते. ती यंत्र थंड असताना अधिक असून काही वेळाने कमी होते. या सुधारणेवर विसंबू नये. नियमित टकटक बहुधा पात्यांना लागणाऱ्या तारेची असते.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप असलेल्या तबकड्या मिनिटास सामान्यतः ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात. आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये असे पहिले व्यापारी साधन प्रचारात आणले. वाचन-लेखन शीर्षे तबकडीला न टेकता हवेच्या अत्यंत पातळ थरावर तरंगतात; आधुनिक साधनांत हे अंतर काही नॅनोमीटर एवढेच असते. शीर्षे जागा बदलताना होणारी हलकी, अनियमित खडखड स्वाभाविक असते. मात्र ठरावीक अंतराने पुनःपुन्हा येणारा ‘टक्’ असा आवाज गंभीर मानतात. तबकडीवरील मार्गदर्शक खुणा वाचता न आल्याने शीर्ष मूळ स्थानी परतते व पुन्हा प्रयत्न करते, त्याचा हा आवाज असू शकतो. खरवडल्यासारखा आवाज आल्यास शीर्ष तबकडीला घासत असण्याचा संभव असतो. अशा वेळी खात्री करून घेण्यासाठी यंत्र वारंवार चालू करणे हीच मोठी चूक ठरते, कारण प्रत्येक फेरीत हानी वाढू शकते. साधन अद्याप वाचले जात असेल, तर महत्त्वाच्या माहितीची प्रत आधी काढावी व मगच निदान पुढे न्यावे. घासण्याचा आवाज असल्यास यंत्र तत्काळ बंद करणे श्रेयस्कर. एसएसडी प्रकारच्या साठ्यात हलणारे भाग नसल्याने अशी यांत्रिक पूर्वसूचना मिळत नाही.

हलणारा भाग नसतानाही बारीक शीळ ऐकू येऊ शकते. विद्युत् पुरवठ्यातील किंवा चित्रपत्रावरील वेटोळ्यांमधील प्रवाह जलद बदलल्यास चुंबकीय प्रेरणांमुळे तारा व गाभा सूक्ष्म कंप पावतात. यंत्रावरील कामाचा भार बदलताच ही शीळही बदलते, ही तिची खूण होय. ती त्रासदायक असली, तरी सहसा धोक्याची नसते.

आवाजाचे स्थान शोधण्यासाठी पेटीचे झाकण काढून रबरी नळीचे एक टोक कानाशी व दुसरे संशयित भागाजवळ, परंतु फिरत्या पात्यांपासून दूर, धरतात. यंत्र बंद करून एकेका पंख्याची जोडणी सोडविणे व यंत्र थोडा वेळ चालवून पाहणे, ही अधिक निर्णायक रीत आहे. मात्र प्रक्रियकावरील पंखा सोडवून यंत्र चालवू नये. विद्युत् पुरवठ्याची बंद पेटी तर घरी कधीही उघडू नये. तिच्यातील धारित्रांत वीजजोडणी काढल्यावरही घातक विद्युत् भार शिल्लक राहू शकतो.

काही आवाज यंत्राने हेतुपुरस्सर केलेले असतात. आयबीएमच्या १९८१ मधील वैयक्तिक संगणकात आरंभीची स्वयंचाचणी यशस्वी झाल्यावर एक आखूड ध्वनी होई. दोष असल्यास होणाऱ्या ध्वनींची संख्या व लांबी यांचे अर्थ निर्मात्यागणिक भिन्न असल्यामुळे ते त्या फलकाच्या माहितीपुस्तिकेतच पाहावे लागतात.